सावली दक्षिणेला, पाऊस बेडकावर

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिथल्या एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी कोरून दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिल्याचं लिहिलेलं आहे. दोघंही ‘गत’ लोकांपैकी होते, असं हे लेख सांगतात.

१९१२ साली स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक भन्नाट कल्पना मांडली. हे ‘गत’ म्हणजे गॉथ असावेत! गॉथ म्हणजे जर्मानिक लोकांची एक शाखा, ओडिन-थॉरला भजणाऱ्या उत्तरेच्या माणसांचे भाऊबंद. बहुतेक अभ्यासकांना ही कल्पना पटली नाही. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले व्यापारी, हेच मत आजही जास्त मानलं जातं. तरी मला कोनोचा हा लेख फार आवडतो. शिवनेरीच्या परिसराला थेट ओडिनच्या मुलखाशी जोडणारा एवढा धाडसी धागा दुसऱ्या कुणी टाकलेला नाही.

तोच धागा धरून २१ जूनकडे बघू या. उत्तर गोलार्धातला हा सर्वांत मोठा दिवस. आइसलँडपासून अमेरिकेपर्यंत जुने नॉर्स देव पुन्हा मानू लागलेले लोक या सुमारास अग्नी पेटवतात, शिंगातून मद्य पितात, सूर्याला वंदन करतात. त्याच दिवशी जुन्नर-आंबेगावात काय काय घडत असतं? माझ्या मते त्यांच्याइतकंच, आणि काही बाबतींत जास्तच. एक फरक मात्र ठळक आहे. उत्तरेकडे हा दिवस उजेडाचा, आपल्याकडे पाण्याचा.

आधी त्यांच्याकडे जाऊ

आइसलँडमध्ये १९७२ साली ‘आउसात्रूआरफेलागिद’ नावाची संस्था निघाली. मुख्य पुढाकार स्वेनबियॉर्न बेन्टेन्सन या शेतकरी कवीचा. स्थापनेचा मुहूर्त होता उन्हाळ्याचा पहिला दिवस, आणि आइसलँडच्या जुन्या कालगणनेत तो एप्रिलमध्येच येतो! १९७३ मध्ये सरकारने तिला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. आज जेमतेम चार लाख वस्तीच्या त्या देशात तिचे पाच हजारांहून अधिक सभासद आहेत.

त्यांच्या विधीचं नाव ब्लोट. मोकळ्या आभाळाखाली गोल करून उभं राहायचं, मध्ये अग्नी. मद्याचं शिंग एकाकडून दुसऱ्याकडे फिरतं. आधी देवांच्या नावाने, मग पूर्वजांच्या, मग ज्याला जे मनापासून म्हणावंसं वाटेल त्याच्या नावाने घोट घ्यायचा आणि थोडं जमिनीवर ओतायचं. शेवटी जेवण. ही संस्था पशुबळी देत नाही. गोऱ्या वंशाच्या बढाईसाठी हे देव वापरणाऱ्यांनाही ती उघडपणे दूर ठेवते.

उन्हाळ्यातलं त्यांचं मोठं ब्लोट होतं थिंगवेट्लिर या मैदानावर, जूनच्या उत्तरार्धात. इ. स. ९३० पासून आइसलँडची लोकसभा तिथे याच दिवसांत भरत असे. न्यायनिवाडे, लग्नं जुळवणं, देणीघेणी, सगळं त्या पंधरवड्यात. कारण सोपं होतं. एकवीस तास उजेड असताना माणसं दूरवरून घोड्यावर येऊ शकत.

आता गंमत बघा. तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसनने जुन्या नॉर्स लोकांचे तीन मोठे यज्ञकाळ सांगितले आहेत: हिवाळ्याच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. ऐन उन्हाळ्यातल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाच्या यज्ञाचं नाव त्या यादीत नाही. आज जगभर नॉर्सपंथी जो मोठ्या दिवसाचा सोहळा करतात, तो बराचसा विसाव्या शतकात घडलेला आहे. त्यात युरोपातल्या गावोगावच्या होळ्या आहेत आणि इंग्लंडमध्ये तयार झालेलं आठ सणांचं वर्षचक्रही आहे. यात मला काही कमीपणा वाटत नाही. सण कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा साजरा केलेलाच असतो.

त्यांचा सूर्य बाई आहे

नॉर्स पुराणात सूर्य म्हणजे सोल ही देवी, आणि चंद्र तिचा भाऊ. तिच्या रथाला दोन घोडे. सूर्याच्या झळेने ते पोळू नयेत म्हणून देवांनी त्यांच्या खांद्याखाली भाते बसवले आहेत, गार हवेसाठी! मागे एक लांडगा सतत धावत असतो आणि जगाच्या अंती तो तिला गिळतो. पण तोवर तिला एक मुलगी झालेली असते आणि पुढचा रथ ती हाकते. आपल्या सूर्याला सात घोडे आणि मागे राहू. तो गिळतो, पण सोडतोही.

डेन्मार्कच्या ट्रुंडहोम दलदलीत १९०२ साली सूर्याचा रथ खरोखरच सापडला. काशाचा घोडा, चाकं आणि एका बाजूने सोन्याचा पत्रा चढवलेली तबकडी. वय सुमारे ३४०० वर्षं. जुन्नरपासून फार लांब नाही अशा दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये काशाचा रथ सापडला. त्याला बैलांची जोडी आहे आणि सोबत चाकांवरचे हत्ती, गेंडा आणि रेडा. हत्ती आणि म्हैस ही मंडळी पुढे पावसाच्या गोष्टीत पुन्हा भेटतील.

जुन्नरला सावली उलटी पडते

हे जुन्नरच्या प्रत्येक शाळेत मुलांनी स्वतः करून बघावं, असं मला फार वाटतं. जुन्नर साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या जरा आत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो परत डोक्यावर येतो, तेव्हा दुसरा शून्य सावलीचा दिवस.

मधल्या सव्वादोन महिन्यांत जुन्नरची दुपारची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती दक्षिणेकडे सर्वांत लांब असते. एक मीटरची काठी उभी केली तर सुमारे साडेसात सेंटिमीटर. तीच काठी २१ डिसेंबरला उत्तरेकडे जवळजवळ ९२ सेंटिमीटरची सावली टाकते. घड्याळात मात्र बारा वाजता बघायला जाऊ नका. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर बांधलेली आहे, म्हणून जुन्नरची खरी मध्यान्ह २१ जूनला बारा वाजून छत्तीस मिनिटांच्या आसपास येते.

रेकयाविकमध्ये हे दृश्य कधीच दिसणार नाही. तिथे दुपारची सावली बारा महिने उत्तरेकडेच.

दिवसाची लांबीही बघा. जुन्नरला २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि २१ डिसेंबरचा अकरा तासांचा. फरक सव्वादोन तास. रेकयाविकमध्ये एकवीस तास आणि चार तास. एवढी तफावत जिथे आहे, तिथे माणसं उजेडासाठी आसुसणार आणि उजेडाचा सण करणार, यात नवल ते काय! वेदांगज्योतिषात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचं प्रमाण १८ मुहूर्त आणि १२ मुहूर्त, म्हणजे तीनास दोन, असं दिलेलं आहे. ते जुन्नरला लागू पडत नाही. ते हिशेब काश्मीरच्या बाजूच्या अक्षांशांना जुळतात.

आणि सर्वांत मोठा दिवस असला तरी सर्वांत उशिराचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो. आपल्याकडे तो जुलैच्या सुरुवातीला येतो. सर्वांत लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास होऊनही गेलेला असतो. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते तीसुद्धा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर.

लेण्याद्रीची हुशारी

लेण्याद्रीच्या तीसही लेण्यांचं तोंड दक्षिणेला, कुकडीच्या खोऱ्याकडे आहे. गिरिजात्मज गणपती बसला आहे ते सातवं लेणंही तसंच. २१ जूनच्या मध्यान्हीला सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला, म्हणजे डोंगराच्या पाठीकडे. लेण्यात ऊन शिरूच शकत नाही. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि कोवळं ऊन ओसरीत आत जातं. कोरणाऱ्यांनी हे ठरवून केलं की डोंगराचा उतार तसा होता म्हणून झालं, काहीही असो. भिक्षूंना उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब मिळाली.

नाणेघाटात कोरलेलं सूर्याचं वर्ष

नॉर्सपंथीयांना ज्याचा हेवा वाटावा असा पुरावा नाणेघाटात आहे.

कल्याण बंदरातून जुन्नरला येणारा सातवाहनांचा हा रस्ता. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे, बहुतेकांच्या मते इ. स. पूर्व पहिल्या शतकातला. सुरुवातीला देवांना वंदन: इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र आणि सूर्य, चार लोकपाल. मग केलेल्या यज्ञांची लांबलचक यादी आणि दक्षिणेचे आकडे. गाई, घोडे, कार्षापण. हे आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत मोडतात.

त्या यादीत एक नाव आहे, गवामयन. हे वर्षभर चालणारं सत्र. सूर्य जसा सहा महिने चढतो आणि सहा महिने उतरतो, तसे त्यातले विधी आधी एका क्रमाने चढत जातात आणि नंतर त्याच पायऱ्यांनी उलटे उतरतात. बरोबर मधला दिवस म्हणजे विषुवान. हिवाळ्याच्या टोकापासून वर्ष मोजलं तर हा मधला दिवस उन्हाळ्याच्या टोकावर येऊन बसतो. हा दिवस मुळात कोणता, यावर पंडितांनी भरपूर वाद घातले आहेत. पण वर्षाचा कळस म्हणून एक दिवस राखून ठेवायचा आणि त्या दिवशी सूर्याला आधार द्यायचा, ही कल्पना ब्राह्मणग्रंथांत स्वच्छ आहे. सत्राच्या शेवटाकडे महाव्रत येतं. त्यात ‘होता’ नावाचा ऋत्विज झोपाळ्यावर बसतो, ढोल वाजतात आणि सूर्याचं प्रतीक असलेल्या गोल कातड्यासाठी लटकी झोंबाझोंबी होते. यज्ञ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या गंभीर चित्राशी हे मुळीच जुळत नाही, आणि म्हणूनच ते मला इतकं जिवंत वाटतं.

याच गवामयनाला एका पुणेकराने थेट उत्तर ध्रुवावर नेऊन पोचवलं. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ चा. गाईंनी हे सत्र केलं, काहींनी दहा महिन्यांत आटोपलं तर काहींनी बारा महिने चालवलं, अशी कथा ब्राह्मणग्रंथांत येते. हे दहा महिने म्हणजे दोन महिन्यांची सलग रात्र असलेल्या प्रदेशाची आठवण, असं टिळकांनी मांडलं. देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्र सहा महिन्यांची, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. ध्रुवावर ते शब्दशः खरं आहे. टिळकांचा सिद्धांत आज अभ्यासक मान्य करत नाहीत, पण त्यांच्या तर्काचा पल्ला बघून मन भरून येतं.

ऐन पावसाळ्यात नाणेघाटात आणखी एक नवल. कोकणातून वर चढणारा वारा इतका जोरकस असतो की कड्यावरून खाली पडणारं पाणी परत वर उडतं. उलटा धबधबा बघायला तरुण पोरं गर्दी करतात. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, तिथले शेवाळलेले दगड फार निसरडे असतात.

सूर्याचं नक्षत्र, पावसाचं वाहन

आता खऱ्या मुद्द्याकडे. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात. पेरणी मात्र सूर्यावर चालते. मृग लागला, आर्द्रा निघाल्या असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तो सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे तेच सांगत असतो. म्हणून या तारखा दर वर्षी जवळपास ठरलेल्या. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला.

आर्द्रा लागतात त्या तारखा पुन्हा वाचा. सर्वांत मोठा दिवस आणि आर्द्राचा प्रवेश आज जवळपास एकत्र येतात! कायम असं नव्हतं. वेदांगज्योतिषाच्या काळी सूर्य आश्लेषाच्या मध्यावर असताना दक्षिणेला वळायचा. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवलं की पूर्वी तसं होतं, आता तो कर्केच्या आरंभी, म्हणजे पुनर्वसूत वळतो. आज तो मृगाच्या अखेरीस वळतो आणि दुसऱ्या दिवशी आर्द्रात जातो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे हा बिंदू दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. साडेनऊशे वर्षांत एक अख्खं नक्षत्र.

या नक्षत्रांच्या पावसाला माणसांसारखी नावं आहेत. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. शिवाय प्रत्येकाला वाहन. बेडूक, मोर, म्हैस, हत्ती, घोडा, गाढव, कोल्हा, उंदीर, मेंढा. हे वाहन कुणाच्या लहरीवर ठरत नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन काढायचं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पारावर चेहरे खुलतात. गाढव किंवा कोल्हा निघाला की बियाण्याची पिशवी जरा थांबते. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो, तरी वाहन कोणतं हे विचारल्याशिवाय बोलणं संपत नाही. मला यात भाबडेपणा दिसत नाही. हजार वर्षं आभाळ बघितलेल्या माणसांची ही बोलण्याची रीत आहे.

मृगाबरोबर जमिनीतून लाल मखमली किडे वर येतात. पोरं त्यांना काडेपेटीत ठेवतात, दोन दिवस बघतात आणि सोडून देतात.

बेडूक दोन्हीकडे

स्वीडनमध्ये मोठ्या दिवसाचा सण जूनच्या एका ठरलेल्या शुक्रवारी असतो. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारतात आणि त्याभोवती म्हातारे-कोतारेसुद्धा बेडकासारख्या उड्या मारत नाचतात. गाणंही छोट्या बेडकांचंच. हा ओडिनपंथीयांचा विधी नाही, सगळ्या देशाचा सण आहे.

आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी निघते. लिंबाच्या डहाळ्या नेसलेला पोरगा, मुसळाला बांधलेला बेडूक आणि मागे गावची पोरं. घरोघरी बाया घागरभर पाणी ओततात, पसाभर धान्य घालतात. हल्ली बेडूक बांधायचं बरेच जण टाळतात, ते चांगलंच आहे. त्यालाही त्याच पावसाची वाट बघायची असते.

खांबाभोवतीच्या नाचाला आपल्याकडचं उत्तर वटपौर्णिमेचं. वडाला सूत गुंडाळत फेरे घालणाऱ्या बायका ज्येष्ठात दिसतात. २०२४ मध्ये वटपौर्णिमा नेमकी २१ जूनला आली होती. तिथी आणि तारखांची जोडी साधारण १९ वर्षांनी जुळते, म्हणजे पुन्हा असा योग २०४३ च्या जूनच्या आसपास.

आपली आग आधीच पेटून गेलेली असते

नॉर्वे-डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या रात्री किनाऱ्यावर प्रचंड होळ्या पेटतात. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर, आग त्याआधीच लागलेली असते. ती राबाची. शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पाला, गवत, शेण पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि भाजायचं. तण मरतं, राख खत होते. पहिल्या पावसात त्याच जागी भाताचं बी पडतं. हिरडा गोळा करून झालेला असतो, घरं शाकारून झालेली असतात. मग रोपं वीतभर झाली की चिखलणी आणि आवणी. त्यामुळे २१ जूनला इथे आग पेटवायला कुणाला सवड नाही, आणि सरपणही ओलं.

उजेड मात्र असतो. मेच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भीमाशंकरच्या रानात काजव्यांनी झाडंच्या झाडं एका तालात उजळतात. पाऊस मुरला की कुजलेल्या ओल्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं, मुख्यतः आंबेगाव आणि खेड तालुक्यांत पसरलेलं, शेकरूसाठी राखलेलं.

थॉर इथे आला असता तर

ब्रेमेनच्या अ‍ॅडम या अकराव्या शतकातल्या पाद्र्याने स्वीडनच्या उप्साला इथल्या देवळाचं वर्णन केलंय. थॉर हा तिथला सर्वांत बलवान देव. गडगडाट, वारा, पाऊस आणि पिकं त्याच्या हातात. म्हणजे घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याचं सगळं काम याच एका देवाकडे! नाणेघाटच्या लेखात पहिल्या देवांतच येणारा इंद्र त्याला नक्कीच ओळखीचा वाटला असता.

अ‍ॅडम म्हणतो की देवळाशेजारच्या राईतलं प्रत्येक झाड पवित्र होतं. ती राई आता फक्त पुस्तकात आहे. आंबेगावच्या आहुप्याची भैरवनाथाची देवराई आणि जुन्नरच्या दुर्गवाडीची दुर्गादेवीची देवराई मात्र आजही उभ्या आहेत. देवाच्या धाकाने कुऱ्हाड लागली नाही म्हणून तिथले वेल मांडीएवढे जाड झाले आहेत.

आजचे नॉर्सपंथी भूमीच्या रक्षक आत्म्यांना फार मानतात. आइसलँडचा एक जुना कायदा सांगतो की किनारा दिसण्याआधीच जहाजावरची जबडा वासलेली ड्रॅगनमुंडकी उतरवून ठेवा, नाहीतर भूमीचे रक्षक घाबरतील. हे वाचल्यावर मला गावाच्या शिवेवरचा वाघोबा आठवतो. परकं कुणी आत आलं तर त्याने आधी तिथे वाकायचं.

ढगांआडचा सूर्य खोडदला दिसतो

मोठ्या दिवसाला जुन्नरमध्ये सूर्य दिसण्याची शक्यता कमीच. ढग दाटलेले असतात. पण नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीला ढगांची अडचण नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. १४ मधोमध आणि १६ तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते, साधारण वीतभर ते अडीच मीटर लांबीच्या. या लहरी ढगांतून आरपार येतात. थाळ्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वारा त्यांतून वाहून जातो.

या दुर्बिणीचे जनक प्रा. गोविंद स्वरूप. १९६५ मध्ये त्यांनी भारतात उभारलेली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण ३२ छोट्या थाळ्यांची होती आणि ती सूर्याकडेच बघायची. जागा कुठली? कल्याण! पुढे उटीला एक दुर्बीण झाली आणि मग खोडद. कल्याणहून जुन्नरला, सातवाहनांच्या व्यापाऱ्यांचीच वाट. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला खोडदला पोरांची आणि शेतकऱ्यांची जत्रा भरते. एकदा जाऊन याच.

आता पंचांगाचं आणि खाण्यापिण्याचं

सरकारी राष्ट्रीय पंचांगात आषाढाचा पहिला दिवस २२ जून. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीनुसार १९५७ मध्ये महिने सूर्याला बांधले गेले, त्यामुळे हा दिवस मोठ्या दिवसाला लागूनच येतो. घरच्या पंचांगातला आषाढ चंद्राचा, त्यात एकादशीला विठोबाच्या भेटीला निघालेल्या दिंड्या. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, आणि ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आळ्याला. दोन्ही गावं जुन्नर तालुक्यातली. एकादशीला देव झोपतात, कारण दक्षिणायन ही देवांची रात्र. म्हणजे नॉर्सपंथी सूर्याच्या चढत्या वैभवाचा घोट घेत असतात, त्याच सुमारास आपल्याकडे देवांची संध्याकाळ सुरू होते.

२०२६ मध्ये सूर्य वळण्याचा क्षण २१ जूनला, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी दोनच्या सुमारास आहे. काठी त्याआधीच, साडेबारानंतर उभी करा. ऊन पडलं तर सावली दक्षिणेला सापडेल.

स्वीडनच्या सणाच्या ताटात मुरवलेला हेरिंग मासा, स्ट्रॉबेरी आणि शेपू घालून उकडलेले कोवळे नवे बटाटे असतात. तिथे नवा बटाटा ताटात येतो, नेमक्या त्याच दिवसांत आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाट्याची लागवड चालू असते. खरिपाचा बटाटा हीच या पठाराची ओळख आणि सगळा खेळ मृग-आर्द्राच्या पावसावर. तो निघून मंचरच्या बाजाराकडे जाईल, तोवर आइसलँडमध्ये हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या ब्लोटची तयारी सुरू झालेली असेल.